सॅन स्टॉर्म सांभाळायची तर आधी अर्थिंग आणि रबर बघा

विकायचा विचार सध्या बाजूला ठेवा. तुमच्या गाडीला चार वेगवेगळे आजार झाल्यासारखे वाटतात, पण मुळं दोन-तीनच आहेत आणि त्यातलं एकही इंजिनाच्या पोटात नाही, असा माझा अंदाज आहे.

बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. यांनी गोवा पासिंगची जुनी सॅन स्टॉर्म ही उघडी स्पोर्ट्स कार घेतली, गाडी नाशकात गंगापूर रोडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये असते, महिन्यातून एखाद-दोनदा निघते. मुंबईहून येताना कसारा घाटात टेंपरेचरचा काटा वर चढतो. मुंबई नाक्याच्या गर्दीत गाडी तापली की बंद पडते आणि वीसेक मिनिटांनी काही झालंच नाही अशी सुरू होते. हेडलाइट पिवळट पडतात. पावसात हूडमधून, म्हणजे वरच्या कापडी छतातून, पाणी येतं. तीन गॅरेज फिरून झाली, पेट्रोल पंप आणि इग्निशन कॉइल नवीन टाकून झाले, फरक शून्य. आता एका मिस्त्रींनी मारुतीचं इंजिन बसवायचा सल्ला दिलाय.

आधी ही गाडी काय आहे ते नीट समजून घ्या, कारण तिथेच बहुतेक गॅरेजवाले चुकतात. स्टॉर्म म्हणजे गोव्यात बनलेली दोन सीटची उघडी गाडी. बॉडी फायबरची, आत लोखंडी चासी, आणि इंजिन रेनोचं डी७एफ, ११४९ सीसी, आठ व्हॉल्व्हचं, साठ हॉर्सपॉवरचं. साठ म्हणजे आजच्या हॅचबॅकपेक्षाही कमी. गाडी पळते ती वजन कमी म्हणून. आता हलक्या गाडीत कुठलीच गोष्ट जास्तीची नसते. रेडिएटर लागेल तेवढाच, पंखा लागेल तेवढाच, वायर लागेल तेवढीच जाड. मोठ्या गाडीत पंखा थोडा हळू फिरला तरी खपून जातं, इथे नाही खपत. म्हणून या गाडीत भाग बदलण्याआधी मोजायचं असतं. तुमच्याकडे तीन गॅरेजमध्ये मिळून कोणी एकदा तरी मल्टिमीटर लावला का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. लावला नसणार.

पहिली शंका अर्थिंगची. पत्र्याच्या गाडीत कुठलाही दिवा जवळच्या पत्र्याला स्क्रूने अर्थ करून चालतो, अख्खी बॉडी म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक. फायबरमधून करंट जात नाही. त्यामुळे प्रत्येक दिव्याची, पंख्याची, पेट्रोल पंपाची, मीटरची अर्थ वायर वेगळी ओढून चासीला किंवा बॅटरीला आणलेली असते. या वायरींच्या टोकांची थिंबलं, म्हणजे बोल्टखाली बसणाऱ्या धातूच्या कड्या, वीस वर्षांत हिरवी पडतात. तुमची गाडी समुद्रकाठची, म्हणजे आणखी लवकर. बाहेरून बोल्ट घट्ट दिसतो, पण आत थिंबल आणि चासीच्या मध्ये गंजाचा पापुद्रा असतो.

तपासायला दहा मिनिटं लागतात. मीटर वीस व्होल्ट डीसीवर ठेवा. इंजिन चालू, हेडलाइट चालू. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबावरच. लाल पिन हेडलाइटच्या होल्डरमागे अर्थ वायर येते त्या टर्मिनलवर. रीडिंग ०.२ व्होल्टच्या आत हवं. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर तेवढी वीज गंजात जिरतेय, दिव्यापर्यंत पोचतच नाही. हेच रेडिएटरच्या पंख्यावर, पंखा फिरत असताना करा. मग इंजिनच्या ब्लॉकवर, आणि चासीवर. बॅटरीवर इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट आहेत याचीही खात्री करून घ्या, नाहीतर अल्टरनेटरचा दोष अर्थिंगच्या माथी मारला जाईल.

आणखी एक सोपी खूण. इंजिन तापल्यावर उभ्या गाडीत टेंपरेचरच्या काट्याकडे बघत हेडलाइट लावा. काटा त्याच क्षणी हलला तर तो खोटं बोलतोय. पाणी एका सेकंदात तापत नसतं. इंजिन किंवा मीटरची अर्थ खराब असली की असं होतं, आणि या खोट्या काट्यापायी लोकांनी चांगले थर्मोस्टॅट (कुलंटची वाट उघडणारे व्हॉल्व्ह) फेकून दिलेले मी पाहिलेत.

उपाय साधा आहे. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, प्रत्येक अर्थ बोल्ट खोला, थिंबल आणि खालचं लोखंड पॉलिश पेपरने चकचकीत करा, परत कसा आणि वरून पेट्रोलियम जेली फासा. जेली आधी नाही, कसून झाल्यावर. जिथे थिंबल काळं पडून वायरच आत सडलीय तिथे नवीन वायर, एक नंबर जाड. हेडलाइटला रिले नसेल तर तो बसवून घ्या, म्हणजे सगळा करंट त्या बिचाऱ्या स्विचमधून जाणार नाही. द्वारका चौकाच्या बाजूला चांगले ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, पण त्यांच्या डोक्यात पत्र्याची गाडी असते. 'बॉडीला अर्थ मारतो' म्हणाले की थांबवा.

आता घाटाबद्दल. तुमच्याकडे एक सोय आहे जी आम्हाला पूर्वी नव्हती. ५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, म्हणजे मुंबईहून येताना कसारा घाट चढा किंवा समृद्धीने बोगद्यातून या. याचा तपासणीसाठी उपयोग करून घ्या. घाटात ट्रकच्या मागे वीसच्या वेगाने चढताना काटा वर जातो आणि मोकळ्या रस्त्यावर खाली येतो, तर दोष हवेचा: पंखा, त्याचा रिले, त्याचा स्विच, किंवा रेडिएटरच्या कडेचा फोम गळून पडल्यामुळे हवा बाजूने पळतेय. उलट, ट्रॅफिकमध्ये ठीक आणि शंभरच्या सलग वेगात काटा चढतो, तर दोष पाण्याच्या प्रवाहाचा: आतून चोंदलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, झिजलेला वॉटर पंप. तुमचं लक्षण पहिलं दिसतंय. आणि पंख्याची अर्थ खराब असेल तर पंखा फिरतो, पण जीव नसल्यासारखा. बघणारा म्हणतो 'फिरतोय की!'

तिसरी शक्यता राहते ती हवा अडकण्याची, आणि रेनोच्या इंजिनांत ही फार जुनी खोड आहे. कुलंट बदलताना नुसतं वरून ओतून झाकण लावलं की वरच्या पाइपमध्ये हवेचा बुडबुडा राहतो. त्यासाठी पाइपवर छोटे ब्लीड स्क्रू दिलेले असतात. गाडी पूर्ण गार असताना स्क्रू सैल करा, टाकीत हळूहळू कुलंट ओता, स्क्रूमधून आधी फसफस येईल, मग थेंब, मग बुडबुड्यांशिवाय सलग धार. धार लागल्यावर बंद करा. हा स्क्रू प्लॅस्टिकचा असतो आणि जुना झाला की कडक होऊन तुटतो, तेव्हा पाना लावून ताकद दाखवू नका. मग केबिनचा हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवा, पंखा दोनदा लागून बंद होऊ द्या, गार झाल्यावर पातळी पुन्हा बघा. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी अजिबात नको, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने किटलीत जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो.

घाटात अडकलाच आणि काटा चढू लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर फुल. उन्हाळ्यात हे नको वाटेल, पण हूड उघडता येतं ना. झाकण मात्र तापलेल्या इंजिनवर कधी उघडू नका.

हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्या मधलं सील, गेलं असेल का असं तुम्ही विचारलंय. कुलंटच्या टाकीत इंजिन चालू असताना सतत बुडबुडे, न दिसणाऱ्या गळतीने पाणी कमी होणं, सकाळी पाइप दगडासारखा टणक, अशी लक्षणं एकत्र असतील तर प्रेशर टेस्ट करून घ्या. नुसता ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली म्हणून हेड उतरवू नका. गाडी महिन्यातून दोनदा कॉलेज रोडपर्यंत जाऊन येत असेल तर इंजिन पुरतं तापतच नाही, आणि आतल्या दमटपणाची साय जमणारच.

तापल्यावर बंद पडणं आणि थंड झाल्यावर सुरू होणं यासाठी मी पहिल्यांदा बघीन तो क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा; काही जण याला टीडीसी सेन्सर म्हणतात. गिअरबॉक्सच्या घंटीसारख्या कवचावर, फ्लायव्हीलच्या जवळ बसतो. आतली बारीक तार तापली की कधीकधी संपर्क तुटतो, गार झाली की जुळतो. शिवाय त्याचं तोंड चुंबकाचं, लोखंडाचा भुगा चिकटतो, आणि कनेक्टरच्या पिना सैल होतात. पुढच्या वेळी गाडी बंद पडली की आधी हे करा: स्टार्टर मारा आणि आरपीएमच्या काट्याकडे बघा. इंजिन फिरतंय आणि काटा जरासुद्धा उचलत नाही, तर संशय सेन्सरवर पक्का होतो. मग ओलं फडकं सेन्सरवर दोन-तीन मिनिटं धरा. सुरू झाली तर अर्धी केस सुटली. चावी फिरवल्यावर पेट्रोल पंपाचा दोन सेकंद 'घूं' आवाज येत असेल तर पंप आणि त्याचा फ्यूज निर्दोष धरायला हरकत नाही. तुमचा जुना पंप अजून डब्यात असेल तर जपून ठेवा, बहुधा तो चांगलाच होता.

सेन्सर काढून तोंड पुसून, कनेक्टर क्लीनर मारून आधी बघा. नवीन घ्यावा लागलाच तर इंजिनवरच्या पट्टीवरचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या, नुसतं 'डी७एफ' सांगून चालत नाही, एकाच इंजिनाचे बरेच उपप्रकार आहेत. युरोपात हेच इंजिन क्लिओ, ट्विंगो, कांगू अशा गाड्यांत आलं, म्हणून टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, सेन्सर बाहेरून मागवता येतात. कस्टम आणि कुरियर धरून एकच सेन्सर मागवणं परवडत नाही, त्यामुळे बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, सेन्सर, थर्मोस्टॅट एकदमच मागवा. बेल्ट कधी बदलला याचा कागद नसेल तर तो बदललेलाच नाही असं समजा. मीटरवर पस्तीस हजारच दिसतात म्हणून निश्चिंत राहू नका. रबर किलोमीटरने जितकं मरतं त्याहून जास्त वयाने मरतं.

नाशिककरांना एक फायदा मात्र आहे. महिंद्रा-रेनोची लोगान २००७ पासून इथल्याच प्लँटमध्ये बनली, पुढे तिचीच व्हेरिटो झाली. इंजिन डी७एफ नव्हे, पण रेनोचंच, आणि ब्लीड स्क्रू, क्रँक सेन्सर, टायमिंग लॉक करायच्या पिना या सवयी तिथल्या जुन्या मिस्त्रींना पाठ आहेत. लोगान-व्हेरिटोवर हात बसलेला माणूस सातपूर-अंबड भागात शोधा. स्पोर्ट्स कारचा बोर्ड लावलेल्या गॅरेजपेक्षा तो बरा.

रबराचा विषय निघालाच आहे तर पेट्रोलच्या नळ्यांचं आजच बघा, बाकी सगळं नंतर. ही गाडी ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलसाठी बनलेली नाही. आता पंपावर तेच मिळतं. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, मऊ करतं, आतून सोलतं. पांढरं फडकं नळीवरून फिरवा. काळं लागलं, नळी दाबल्यावर चिकट वाटली किंवा वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या तर ती गेली. टाकीपासून इंजेक्टरपर्यंत आणि परतीची, अशा सगळ्या नळ्या इंजेक्शनच्या प्रेशरला आणि इथेनॉलला चालणाऱ्या घ्या, स्कूटरची मीटरवर मिळणारी नळी नको. क्लिपही इंजेक्शनच्या, कडेने नळी न कापणाऱ्या. इंजेक्टरचे ओ-रिंगही बदला. टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ इथेनॉल सोडवतं, म्हणून फिल्टर आता एकदा आणि दोन-तीन टाक्या झाल्यावर पुन्हा. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढतं, त्यामुळे अर्धी टाकी ठेवून गाडी अख्खा पावसाळा उभी करू नका. आणि एक किलोचा पावडरचा अग्निशामक सीटमागे असू द्या. फायबर पेटलं की विझवायला वेळच मिळत नाही. बाकी कुठल्याही मुद्द्यावर तुम्ही माझं ऐकलं नाही तरी चालेल, यावर ऐका.

हूड गळण्याचं म्हणाल तर आधी ते हूडच गळतंय का, ते ठरवा. गालिचा ओला दिसतो, पण पाणी काचेच्या फ्रेममधून येऊन खालून पसरलेलं असू शकतं. दारांच्या बीडिंगवर टाल्कम पावडर लावा, दार बंद करा, उघडा. पावडर जिथे समोरच्या बाजूला उमटली नाही तिथे रबर टेकत नाही. मग एकाला आत टॉर्च घेऊन बसवा आणि नळीचं पाणी खालून वर सोडत या. वरून सुरुवात केली तर सगळीकडूनच गळतंय असं वाटतं. पाणी निघायच्या भोकांत पालापाचोळा अडकलेला असतो, तो प्लॅस्टिकच्या मऊ नळीने काढा, तारेने नको. कापडच विरलं असेल तर रिक्षाचं हूड शिवणारा हुशार कारागीर हे काम करू शकतो, फक्त अट घाला: जुनं हूड उसवून त्याचाच नमुना घ्यायचा, नवीन बसेपर्यंत जुनं फेकायचं नाही, आणि दोरा पॉलिएस्टरचा. मागची प्लॅस्टिकची काच कोरड्या फडक्याने पुसू नका, धूळ तिला ओरखडते. थंडीत सकाळी सकाळी हूड घडी करू नका, तेव्हा ती काच तडकते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत हे नक्की होतं.

फायबरबद्दल दोन गोष्टी. पंक्चरवाल्याला जॅक लावू देताना शेजारी उभे राहा. तो सवयीने दाराखालच्या कडेला जॅक टेकवतो, आणि कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर उमटते. जॅक फक्त चासीच्या लोखंडाला. चीर पडलीच तर पेंटरकडे नको, तो पुट्टी भरेल, रंग मारेल, सहा महिन्यांत चीर परत दिसेल. अंबड-सातपूरला फायबरचे साचे करणारे कारखाने आहेत, तिथे मागच्या बाजूने घासून मॅट आणि रेझिनचे थर द्यायला सांगा. रंग काढायचं केमिकल लावू देऊ नका, ते रेझिनच खातं. गाडी तुमच्याकडे आहेच, तरी एकदा वर उचलून चासीवर, विशेषतः सस्पेन्शन जोडतात तिथे, हातोडीने हलके ठोके मारून घ्या. फायबर सडत नाही म्हणून वरून गाडी सुंदर दिसते आणि खालचं लोखंड कधी पोकळ झालं ते कळत नाही.

टायरचं पटकन सांगतो. बाजूवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असो, सहा-सात वर्षांचं टायर या गाडीला नको. हवा मात्र पेट्रोल पंपावरचा मुलगा म्हणेल तेवढी नाही, कंपनीने दिली तेवढी. हलक्या गाडीत जास्त हवा भरली की ती रस्त्यावर नाचते, आणि दिंडोरी-वणीहून सापुताऱ्याला चढताना प्रत्येक वळणावर ते कळतं. ब्रेक ऑइल डॉट ४, दर दोन वर्षांनी, गाडी चालो न चालो. मोठे अलॉय, मोठे स्पीकर, ही हौस या गाडीवर नको.

नाशकात सध्या सिंहस्थासाठी जिथे तिथे रस्ते खोदलेत, त्यात गतिरोधक. तिरकी घ्या, एक चाक आधी, नाहीतर सायलेन्सर घासणार. पाणी अर्ध्या चाकाच्या वर असेल तर मागे फिरा. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पुराचं पाणी लागल्याच्या बातम्या यायला लागल्या की गाडी जागची हलवू नका.

कागदांचं. गोवा पासिंगची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर गोव्याच्या आरटीओची एनओसी आणून पेठ रोडच्या नाशिक आरटीओत नवा नंबर घ्यावा लागतो, आणि इथला कर भरावा लागतो. पंधरा वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी. वीस वर्षांवरच्या कारसाठी ऑगस्ट २०२५ पासून त्याची फी दहा हजार झालीय. त्यात पर्यावरण कर वेगळा. विम्यात सर्वसमावेशक पॉलिसी घेतलीत तरी क्लेम करताना रबर-प्लॅस्टिकवर पन्नास टक्के आणि फायबरवर तीस टक्के घसारा कापतात, तेव्हा हप्ता आणि मिळणारी रक्कम यांचा हिशेब आधी मांडा.

मारुतीच्या इंजिनाचा सल्ला ऐकू नका. इंजिन बदललं की माउंटिंग, ड्राइव्ह शाफ्ट, वायरिंग, मीटर, सगळंच बदलतं, आरटीओची परवानगी लागते, आणि इतकं करूनही ती सडकी थिंबलं तिथेच राहतात.

क्रम असा ठेवा: या रविवारी पेट्रोलच्या नळ्या बघा, त्या ठीक असतील तरच गाडी सुरू करा. मग अर्थिंगची रीडिंग, मग कुलंटची हवा, मग सेन्सर. हूड पावसाच्या आधी. बॅटरीच्या निगेटिव्हपासून हेडलाइट, पंखा आणि इंजिन ब्लॉक अशी तीन रीडिंग लिहून पाठवा, आणि गाडी बंद पडल्यावर स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा उचलतो की नाही तेही. तोपर्यंत एकही भाग विकत घेऊ नका.